एकशे अकराव्या पलटणीची चकती

राजाभाऊ ओव्हाळांची नोकरी गेली त्या दिवशी गाडी मी चालवत होतो. १९८६ सालचा मार्च महिना. टेक्सासातल्या शुगर लँडहून ह्यूस्टनला जाणारे आम्ही चौघे मिळून एकच गाडी काढायचो, दर आठवड्याला एकेकाची पाळी. तेलाचे भाव कोसळले होते आणि रोज कुणाच्या ना कुणाच्या ऑफिसातून माणसं कमी केल्याची बातमी यायची. संध्याकाळी साडेपाचला राजाभाऊ त्यांच्या कंपनीच्या दारात उभे होते. हातात पुठ्ठ्याचं खोकं, त्यात मायक्रोमीटर, व्हर्नियर, चहाचा मग आणि मुलीचा, कांचनचा, शाळेतला फोटो.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "कुमारराव, उद्यापासून मला घ्यायला थांबू नका." मग थोड्या वेळाने, "एसी जरा कमी कराल का?"

खोकं त्यांनी घरापर्यंत मांडीवरच धरून ठेवलं.

मी नागपूरचा, केमिकल इंजिनिअर, त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. राजाभाऊ मूळचे खडकीचे. तिथल्या लष्करी वर्कशॉपात ते अठराव्या वर्षी लागले आणि अठरा वर्षं राहिले. रायफली तपासायचं काम. रात्रशाळेत डिप्लोमा केला, त्याच्या जोरावर १९७४ साली टेक्सासात आले आणि तेलविहिरींना लागणारे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत इन्स्पेक्टर झाले. व्हॉल्व्हच्या आट्यांवरून अंगठ्याचं नख फिरवून ते सांगायचे, "यात कचरा राहिलाय." मग मोजायचे, आणि कचरा असायचाच. अशा माणसाला कंपनीने बारा वर्षांनी दोन आठवड्यांच्या पगारावर घरी पाठवलं.

त्यांची बायको अंजनावहिनी मेडिकल सेंटरमध्ये एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होत्या, म्हणून घर चालत राहिलं. राजाभाऊ मात्र घरात मावेनात. त्यांनी सगळे नळ दुरुस्त केले. गॅरेज दोनदा लावलं. आमच्याही घरी येऊन कुरकुरणारी दारं नीट करून गेले. मार्चात अर्ज पाठवून झाले, एप्रिलातही झाले. अठ्ठेचाळीस वर्षांच्या, इंग्रजी बोलताना आधी मनात वाक्य जुळवून घेणाऱ्या इन्स्पेक्टरची तेव्हा ह्यूस्टनमध्ये कुणालाच गरज नव्हती.

मे महिन्यात त्यांच्या लॉनमोवरचा पट्टा तुटला. शुगर लँडमध्ये त्या मापाचा मिळेना, म्हणून ते हायवे फिफ्टीनाइनने रोझेनबर्गला गेले. तिथे लॅडी कुबेना नावाच्या माणसाचं जुनं हार्डवेअरचं दुकान होतं. त्याचे पणजोबा बोहेमियाहून कापूस पिकवायला टेक्सासात आलेले. त्या भागात अशी चेक घराणी पुष्कळ. लॅडी साठीचा, अंगाने रुंद, दुकानात खिळे, दोऱ्या, कोंबड्यांचं खाद्य, आणि मागच्या बाजूला बंदुकांचं काउंटर.

पट्टा घेऊन निघताना राजाभाऊंना वास आला. जुन्या ग्रीसचा, त्यात मुरलेल्या जवसाच्या तेलाचा. त्यांनी मला नंतर सांगितलं, "कुमारराव, बारा वर्षांत तो वास नाकात गेला नव्हता. पाय आपोआप तिकडे वळले."

काउंटरपाशी एका लाकडी पिंपात वीस-पंचवीस रायफली नळ्या वर करून उभ्या होत्या, छत्र्या ठेवाव्यात तशा. दोनएक वर्षांपूर्वी अमेरिकेतला कायदा बदलला होता आणि परदेशातल्या जुन्या लष्करी रायफली इथे आणून विकायला पुन्हा परवानगी मिळाली होती. जगभरच्या कोठारांत पडून राहिलेला माल पेट्यापेट्यांनी येत होता. पिंपावर पुठ्ठा लावला होता : ब्रिटिश रायफल, पहिलं महायुद्ध.

राजाभाऊंनी एक उचलली, लाकडी दस्त्याजवळच्या लोखंडी पट्टीवरचं ग्रीस अंगठ्याने पुसलं आणि लॅडीला म्हणाले, "हे चुकीचं लिहिलंय."

"काय चुकीचं?"

"ही ब्रिटिश नाही. कलकत्त्याजवळ इशापूरला बनलेली आहे. आणि पहिलं नाही, दुसरं महायुद्ध. एकोणीसशे बेचाळीस."

"तुला कसं माहीत?"

"इथे लिहिलंय." त्यांनी मुकुटाखालची तीन अक्षरं दाखवली. जी, आर, आय. "जी म्हणजे जॉर्ज, आर म्हणजे रेक्स, राजा. इंग्लंडच्या बंदुकीवर एवढंच असतं. हा आय म्हणजे इंपरेटर, सम्राट. इंग्लंडमध्ये तो नुसता राजा होता. सम्राट होता तो फक्त आमचा."

लॅडी मोठ्याने हसला. मग त्याने पिंपातली दुसरी काढून दिली. राजाभाऊंनी तीही वाचली. हिचा बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे, नंबर जुळत नाहीत. हिची नळी नंतर बदललीय. ही मात्र जशी निघाली तशी आहे, हात लागलेला नाही, हिला बाकीच्यांच्या भावात विकू नकोस. दीड तास गेला. लॅडीने त्यांच्यासमोर कोलाची ठेवली, त्या लोकांची जर्दाळू भरलेला गोड पाव, आणि विचारलं, "शनिवारी काय करतोस?"

"सध्या सगळेच वार शनिवार आहेत," राजाभाऊ म्हणाले.

असं ते काम सुरू झालं. आधी शनिवार, मग आठवड्याचे चार दिवस. पगार बेताचा, पण घरातून डबा घेऊन निघायचं आणि संध्याकाळी हात काळे करून परत यायचं, हे त्यांना पुन्हा मिळालं.

घरी मात्र पहिल्याच दिवशी वादळ झालं होतं. ओव्हाळांच्या दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती होती, वर बाबासाहेबांचा फोटो. अंजनावहिनींनी मूर्तीकडे हात केला आणि म्हणाल्या, "अहो, ह्यांच्यासमोर बंदुकीचं दुकान?"

"दुकान माझं नाही. मी नुसतं तपासतो."

"तपासा. पण एक ऐका. बंदूक ह्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. मोडकी नाही, रिकामी नाही, भिंतीवर लावायलासुद्धा नाही."

"नाही आणणार," राजाभाऊ म्हणाले, आणि त्यांनी ते पाळलं. रायफलींवर हुकमत असलेल्या त्या माणसाची स्वतःची एकही रायफल नव्हती. रोझेनबर्गच्या गिऱ्हाइकांना याचं फार नवल वाटे.

मी अधूनमधून शनिवारी त्यांच्याबरोबर जायचो. टोप्या घातलेले शेतकरी, निवृत्त पोलीस, रिफायनरीतले फोरमन आपापली बंदूक घोंगडीत गुंडाळून आणायचे. प्रत्येकाजवळ एक गोष्ट असायची. आपली रायफल अमुक लढाईत होती, तमुक जनरलच्या अंगरक्षकाची होती. राजाभाऊ गोष्ट पूर्ण ऐकून घ्यायचे. मग चष्मा कपाळावर सरकवून रायफल उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "आता हिला विचारू."

ते आधी नंबर जुळवायचे. मग तपासनिसांचे बारीक शिक्के बघायचे, त्यावरून ती कुठल्या कारखान्यात कधी दुरुस्तीला गेली ते कळायचं. मग लाकूड. शेवटी दस्त्यावरची पितळी चकती, असलीच तर. जुन्या काळी रुपयाएवढी चकती दस्त्यात बसवून तिच्यावर पलटणीचं नाव आणि रायफलीचा नंबर ठोकत. संग्राहकांचा जीव त्या चकतीत. चांगल्या पलटणीची चकती असली की किंमत कित्येक पटींनी वाढते. राजाभाऊ मात्र तिच्याकडे शेवटी वळायचे. "ही एका स्क्रूवर असते कुमारराव. एका स्क्रूवर असलेल्या गोष्टीचा भरवसा किती धरायचा?"

बहुतेकांची गोष्ट खोटी निघे. पण राजाभाऊ माणसाला खोटं पाडायचे नाहीत. एल कँपोहून एक बाई आली होती, सत्तरीची. नवरा वारला होता आणि त्याने पॅसिफिकमधून आणलेली जपानी रायफल तिने शालीत गुंडाळून आणली होती. तिला ती विकायची नव्हती. म्हणाली, "हे एवढं सांगा, त्यांनी ही लढाईत कुणाकडून हिसकावली का? ते कधी बोलले नाहीत. विचारलं की उठून जायचे."

जपानी रायफलीवर राजघराण्याचं शेवंतीचं फूल कोरलेलं असतं. राजाभाऊंनी तिथे बोट ठेवलं. फूल कानशीने घासून टाकलं होतं, नुसते ओरखडे राहिले होते. ते म्हणाले, "शरणागतीनंतर जपान्यांनी हत्यारं जमा केली तेव्हा सम्राटाचं फूल घासून मगच दिली. लढाईत पडलेल्या माणसाच्या बंदुकीवर फूल बहुधा शाबूत असतं. ही युद्ध थांबल्यावर ढिगातून उचललेली दिसते, बाई."

संग्राहकाच्या दृष्टीने हे किंमत उतरवणारं बोलणं. पण ती बाई स्टुलावर बसली आणि रडायला लागली. "म्हणजे हिच्यापायी कुणी मेलं नाही."

"हिच्यापायी नाही," राजाभाऊ म्हणाले.

परतताना मी त्यांना म्हटलं, "तुम्ही तिला बरं वाटेल असं सांगितलंत." ते दुखावले. "जे होतं ते सांगितलं. बरं वाटलं हे तिचं नशीब. उलटं असतं तरी सांगितलं असतं, फक्त जरा हळू."

त्यांच्या आजोबांची हकिगत मला सर्वांत शेवटी कळली, लॅडीला माझ्या आधी कळली होती. रामभाऊ ओव्हाळ, पुरंदर तालुक्यातले. पहिल्या महायुद्धात सरकारने महारांची एक पलटण उभी केली, एकशे अकरावी. रामभाऊ तिच्यात भरती झाले. बूट मिळाले, गणवेश मिळाला, रायफल मिळाली. १९२१ मध्ये पलटण मोडली आणि सगळ्यांना घरी पाठवून दिलं. ज्या गावातून ताठ मानेने गेले त्याच गावात येऊन पुन्हा दवंडी पिटायची, मेलेली जनावरं ओढायची. राजाभाऊंच्या लहानपणी ते म्हातारे खाटेवर बसलेले असायचे आणि आपल्या रायफलीचा नंबर तोंडपाठ म्हणून दाखवायचे. दोनशे सेहेचाळीस. दुसरं काही लक्षात राहत नव्हतं, सुनेचं नावसुद्धा नाही, पण नंबर चुकत नसे.

हे राजाभाऊंनी लॅडीला एका दुपारी डबा खाताना सांगितलं होतं. लॅडीने पलटणीचा आकडा पुन्हा विचारून घेतला.

१९८८ च्या फेब्रुवारीत राजाभाऊंचा फोन आला. आवाज वेगळाच. "कुमारराव, शनिवारी येता का माझ्याबरोबर? लॅडीने मला एक रायफल दिलीय. बक्षीस म्हणून. ती आणायची आहे."

"घरी?"

"घरी. अंजना हो म्हणाली."

मला खरं वाटेना. त्यांच्याकडे गेलो तेव्हा वहिनींनी दिवाणखान्यातली एक भिंत मोकळी करून ठेवली होती. कांचन तेव्हा सतरा वर्षांची. ती म्हणाली, "आई, यू सेड नेव्हर!"

"तुझ्या पणज्याच्या पलटणीची आहे ती," वहिनी म्हणाल्या. "बंदूक म्हणून नाही आणत. माणूस म्हणून आणतोय."

आम्ही निघालो. राजाभाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. गावातल्या साखर कारखान्याचा काकवीसारखा वास मागे पडला, दोन्हीकडे नांगरलेली काळी शेतं लागली. ते सारखे बोलत होते. मंगळवारी लॅडीने काउंटरखालून ती काढली आणि त्यांनी फक्त चकती बघितली. रायफल हातात घेऊन नीट बघितलीसुद्धा नाही. सरळ घरी येऊन वहिनींना सांगितलं.

दुकानात लॅडीने ती हिरव्या फ्लॅनेलवर ठेवली होती. मी पुढे होऊन चकती वाचली. १११, खाली एम, त्याखाली ८७.

"अरे वा," मी म्हणालो, "एम म्हणजे मराठा!"

"नाही," राजाभाऊ म्हणाले. आवाज चढवला नाही. "मराठ्यांच्या पलटणी वेगळ्या. हा एम म्हणजे महार."

मी वरमलो. त्यांच्याबरोबर इतकी वर्षं जातायेता बोललो होतो, आजोबांची हकिगत त्यांनी मला आत्ता, वाटेत सांगितली होती, आणि तरी तोंडातून तेच आलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, जणू चूक त्यांचीच होती.

"आजोबांचा नंबर नाहीये," मी सावरत म्हटलं.

"नसू दे. शेजारच्या खाटेवरच्याचा असेल."

लॅडी घसा खाकरून म्हणाला, "राजा, एक गोष्ट सांगायला हवी. परवा डॅलसचा एक वकील आला होता. मोठा संग्राहक आहे. त्याने ही बघितली. अशी चकती त्याने आयुष्यात पाहिली नाही म्हणाला. अठराशे डॉलर द्यायला तयार आहे, पण तू सही करून लिहून द्यायचं की ही त्या पलटणीची अस्सल रायफल आहे. मी त्याला म्हटलं, ती माझी नाही, तुझी आहे. तो अकरा वाजता येतोय. नको असेल तर नाही म्हण आणि घेऊन जा."

लॅडीच्या दुकानाची हालत आम्हाला दिसत होती. कोंबड्यांच्या खाद्याची फळी रिकामी होती. मुलीचं कुटुंब काम नाही म्हणून त्याच्याचकडे राहायला आलं होतं. राजाभाऊंनी रायफल उचलली. चष्मा कपाळावर गेला. मला वाटतं, ते तपासायचं म्हणून तपासत नव्हते, हाताला सवय होती.

नंबर बघितले. मुकुटाखालची अक्षरं बघितली. मग खाली वाकून सन वाचला, अंगठ्याने पुसून पुन्हा वाचला.

"एकोणीसशे त्रेचाळीस," ते म्हणाले.

पलटण मोडली होती १९२१ मध्ये.

त्यांनी खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला आणि चकतीचा स्क्रू सोडवला. चकती तळहातावर आली. तिची मागची बाजू काळी-हिरवी पडलेली, कडा झिजून गुळगुळीत. पण लाकडातला जो खड्डा तिच्याखाली होता, तो आतून कोवळ्या ताज्या लाकडासारखा फिका होता. खडकीत दस्ते उकळत्या जवसाच्या तेलात बुडवायचे. तेल लाकडात मुरून लाकूड आतपर्यंत तांबूस होतं. हा खड्डा महिन्याभरात पाडलेला होता. कडेला रंग लावला होता, दुकानात डब्यांतून मिळतो तो.

राजाभाऊंनी मान वर केली. लॅडी लालबुंद झाला होता.

"चकती खरी आहे," लॅडी घाईने म्हणाला. "शप्पथ! पेट्यांबरोबर सुट्या भागांचा एक डबा आला होता, त्यात सापडली. तू सांगितलेलं आठवलं. नुसती चकती काय द्यायची माणसाला? म्हणून... मी सुतारकाम बरं करतो. तुला आनंद होईल असं वाटलं. वकिलाचं तेव्हा डोक्यातही नव्हतं, राजा."

"मला माहीत आहे," राजाभाऊ म्हणाले. ते स्टुलावर बसले. जपानी रायफलवाली बाई बसली होती त्याच स्टुलावर. "चकती अस्सलच आहे. अक्षरांचे ठसे जुने आहेत. तू फार चांगलं काम केलंस लॅडी. मी सन वाचला नसता तर मीसुद्धा..." त्यांनी चकती काउंटरवर ठेवली.

वकील अकराला पाच मिनिटं असताना आला. उंच, सभ्य, आवाज मऊ. लॅडीने त्याला काही सांगायच्या आत राजाभाऊंनी कागद मागून घेतला आणि लिहायला बसले. इंग्रजी वाक्य मनात जुळवून, एकेक शब्द सुटा. चकती एकशे अकराव्या महार पलटणीची, १९१७ ते १९२१, अस्सल. रायफल इशापूर, १९४३. चकती या रायफलीवर अलीकडे बसवलेली आहे. खाली सही.

वकिलाने वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं. "मिस्टर ओव्हाळ, पहिलं वाक्य खरं आहे ना?"

"खरं आहे."

"मग तेवढंच लिहा. बाकीचं लिहायची सक्ती नाही. मी विचारणार नाही, तुम्ही सांगू नका. आकडा मी बदलत नाही."

लॅडी काउंटरच्या कडेवर हात टेकून उभा होता. तो राजाभाऊंकडे बघत नव्हता, दाराकडे बघत होता. मला कबूल करायला हवं, मी मनात म्हणत होतो, लिहा हो, कुणाचं काय जातंय.

राजाभाऊ म्हणाले, "साहेब, त्या पलटणीत खरी माणसं होती. त्यांची एक तरी खरी बंदूक कुठेतरी शिल्लक असेल. उद्या ती कुणाला सापडली, तर लोक म्हणतील, अशीच एक डॅलसला आहे, तिच्यावर ओव्हाळची सही आहे आणि ती खोटी निघाली. मग त्या खऱ्या बंदुकीलासुद्धा कुणी खरी मानणार नाही."

वकिलाने कागद काउंटरवर ठेवला. मग टोपी उचलून, "गुड डे," म्हणून निघून गेला.

त्यानंतर लॅडी तडकला. इतका रागावलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. "मी तुझ्यासाठी केलं होतं! तू काही न बोलता घरी नेली असतीस तर? मी पैसे मागत नव्हतो. तूच कागद मागितलास!" शेवटी लॅडीने चकती काउंटरवरून सरकवली. "घे. ही तरी तुझी आहे. आणि पुढच्या आठवड्यात येऊ नकोस."

मी त्यांना घरी सोडलं तेव्हा वहिनी दारात उभ्या होत्या. राजाभाऊंनी मूठ उघडून चकती दाखवली आणि सगळं सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्या लॅडीला जेवायला बोलवा."

"तो येणार नाही."

"मी बोलावते."

त्यांनी खरंच फोन केला. लॅडी पहिल्यांदा नाही म्हणाला, तीन आठवड्यांनी आला, बायकोला घेऊन, कोलाचीचा मोठा खोका हातात. मटणाचा रस्सा खाताना त्याचं कपाळ घामाने डबडबलं आणि तो पुन्हापुन्हा वाढून घेत होता. माफी कुणीच मागितली नाही. निघताना तो राजाभाऊंना म्हणाला, "तुझी ती त्रेचाळीसची अजून तिथेच आहे. खड्डा बुजवलाय. शनिवारी येतोयस ना?" राजाभाऊ गेले.

दुकान मात्र टिकलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात लॅडीने ते बंद केलं. लिलावाच्या दिवशी प्रत्येक रायफलीला राजाभाऊंच्या हातची चिठ्ठी बांधलेली होती, काय खरं, काय बदललेलं, सगळं. लिलाववाल्याने आधी नाक मुरडलं, अशाने भाव पडेल म्हणाला. पण लांबून आलेले लोक त्या चिठ्ठ्या वाचून बिनधास्त बोली लावत होते, आणि माल अपेक्षेपेक्षा बरा गेला. गिऱ्हाइकांतला एकजण विमानांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचा मॅनेजर होता. चिठ्ठ्या लिहिणारा कोण, म्हणून त्याने चौकशी केली. जानेवारीपासून राजाभाऊ तिथे इन्स्पेक्टर म्हणून लागले.

१९८९ च्या डिसेंबरात ते महिनाभर भारतात गेले, पंधरा वर्षांत दुसऱ्यांदा. चकती पाकिटात होती. आल्यावर त्यांनी मला जे सांगितलं ते असं.

पुरंदरातल्या त्यांच्या गावी पलटणीतला कुणी जिवंत नव्हता. पण जाईबाई म्हणून एक म्हातारी होती, नव्वदीच्या घरातली, नवरा पलटणीत होता. राजाभाऊंनी चकती तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती चाचपली, अंगठा अक्षरांवरून फिरवला, वाचता येत नव्हतं तरी.

"माझ्या धन्याची हाय का रं?"

"सांगता येत नाही, आजी. नंबर सत्त्याऐंशी आहे. त्यांचा नंबर ठाऊक आहे का?"

"न्हाई बा."

"मग नाही सांगता येत. पलटणीतल्या कुणाची तरी आहे, एवढं पक्कं."

राजाभाऊ म्हणाले की तेव्हा तिला हो म्हणावंसं त्यांना फार वाटलं होतं. तिने वाईट मानलं नाही. म्हणाली, "कुनाची का असंना, आमच्यातल्याच कुनाची." मग आपणहून नावं सांगू लागली. ह्या गावातून कोण कोण गेले, शेजारच्या वाडीतून कोण. राजाभाऊंनी डायरी काढली. ती सांगायची, मधेच थांबून दुसऱ्या म्हातारीला हाक मारायची, त्या दोघींचं भांडण व्हायचं, मग एकमत झालं की राजाभाऊंनी लिहायचं. दुपारपर्यंत अकरा नावं झाली. दुसऱ्या दिवशी ते पुढच्या गावाला गेले.

शुगर लँडला परतल्यावर ते काम पत्रांनी चालू राहिलं. सासवड, बारामती, सातारा, रत्नागिरी. निळी आंतरदेशीय पत्रं अमेरिकेत येत नाहीत, म्हणून लोक मिळतील त्या कागदावर लिहायचे. एका नावाला दोन वेगवेगळ्या माणसांचा दुजोरा मिळाल्याशिवाय ते नाव पक्क्या वहीत चढत नसे. मी न्यू जर्सीला बदलून गेलो तेव्हा वहीत त्रेचाळीस नावं होती.

निरोप घेताना मी विचारलं, पहिलं नाव कुठलं लिहिलंत? त्यांनी वही उघडून दाखवली. जाईबाईच्या नवऱ्याचं होतं. त्यांनी आधी डायरीत 'म्हादू ओव्हाळ' लिहिलं होतं आणि वाचून दाखवलं होतं. म्हातारीने लगेच हात वर करून थांबवलं.

"नुस्तं म्हादू नगं. बापाचं नाव घाल मधी. म्हादू सुभाना ओव्हाळ, असं पुरतं लिव्ह."